भित्र्या चाचांचा टांगा

चाचांसारखा भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि टांगेवाल्यांत तर नाहीच नाही. मिशा अशा की पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ नुकताच वाघाशी झुंजून आलाय. आणि काळीज असं की वाटेत कोरडा ओढा आला तरी टांगा थांबवून आधी स्वतः उतरून वाट पाहून येणार. पुलावरून जाताना ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. चाचा, डोळे तरी उघडे ठेवा, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "घोड्याचं उगडं हायत की!"

सोलापूरच्या एका कापडवाल्याचे गठ्ठे घेऊन त्यांचा टांगा आमच्या मंद्रूपच्या बाजाराला यायचा. बाजार उठेपर्यंत चाचा शाळेच्या कट्ट्यावर बसत. आमचे हे त्या शाळेत मास्तर. सगळा गाव ह्यांना मास्तर म्हणे, म्हणून चाचाही मास्तरच म्हणत. मी तर काहीच म्हणत नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे सासूबाईंनी मला उंबरा ओलांडतानाच सांगून ठेवलं होतं. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला उखाण्यात गुंफून घेतलं तर चालायचं. उखाण्यातलं नाव देवाच्या हिशेबात धरत नसावेत.

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि एके दिवशी ह्यांच्या डोक्यात आलं की बायकोला सोलापूर दाखवावं. नुसतं देवदर्शन नव्हे. हॉटेलात चहा, गोटीचा सोडा, किल्ला, तळं, आणि संध्याकाळी संक्रांतीच्या जत्रेचा गड्डा, म्हणजे ते खेळ-तमाशांचं आणि दुकानांचं मोठं मैदान. मला आनंद झाला म्हणावं तर खोटं ठरेल. मला धडकी भरली. सासूबाईंनी सिद्धेश्वराच्या दर्शनापुरती परवानगी दिली होती आणि बजावलं होतं, "बाहेरचं काही तोंडात घालू नका." नवराबायको हॉटेलात बसली हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर ह्यांना बोलणी बसली असती आणि मला माहेरची वाट धरावी लागली असती.

बेत आखायला ह्यांनी निवडलं ते चाचांना. आंधळ्याने वाट विचारावी ती भित्र्याला! चाचांनी शाळेच्या अंगणात चाबकाच्या मुठीने धुळीत तळं काढलं, किल्ला काढला, गड्डा काढला आणि मान हलवून म्हणाले, "मास्तर, पयलं देव, मग पोट, मग डोळं. ही वळ मोडली की मानूस फसला. भुकेला मानूस नीट बगत न्हाय, आन् बगनारा मानूस खिसा इसरतो."

मग एकेका जागेची भीती त्यांनी आम्हाला नीट समजावून दिली. तळ्याच्या मागे एका बाईची खानावळ होती. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. "तितंच जेवायचं. तिला पीठ मळताना मी सोता बगितलंय. हात धुती." हॉटेलात बायकांसाठी पडदा लावलेली खोली होती, तिथे चहा प्यायचा, कारण चहा उकळलेला असतो, पाण्याच्या पेल्याला बोट लावायचं नाही. सोडा प्यायचा तर बाटली डोळ्यांसमोर फोडून घ्यायची आणि तेवढ्यात दोन पावलं मागे सरायचं. गिरणीच्या चिमणीखाली उभं राहून वर बघायचं नाही. किल्ल्यात शिरायचं नाही. "का हो चाचा?" ह्यांनी विचारलं. "भाईरनं बी किल्लाच दिसतो की," चाचा म्हणाले.

एवढ्यावर आम्ही हसलो. गड्ड्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र चाचा हसले नाहीत. काही वर्षांपूर्वी अक्कलकोटकडचं एक जोडपं त्यांनी गड्ड्याला नेलं होतं. तिथे बाई चुकली, ती पुन्हा सापडली नाही. "तीन दिस हुडकलं. मग त्या मानसाला एकट्याला घेऊन गेलो. मागची शीट अर्दी रिकामी. मी सारी वाट मागं वळून बगितलं न्हाय." तेव्हापासून गड्ड्यात उतरणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या उपरण्याची आणि पदराची चाचा स्वतः गाठ मारून देत, लग्नात मारतात तशी. लोक हसत. त्यांना कुणी भित्रा म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "भ्यालं त्ये घरी पोचलं."

त्यांची आणखी एक भीती होती, ती मात्र ते बोलून दाखवत नसत. सोलापुरात इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून दीडेक वर्ष झालं होतं, पण खाकी कपडा दिसला की चाचांचा टांगा मुकाट्याने दुसऱ्या गल्लीत वळे. त्या दिवसांत त्यांनी काय पाहिलं ते कुणाला ठाऊक नाही. चौकीवरून जायची वेळ आली तर ते खाली उतरून घोड्याच्या आडोशाने चालत.

ठरल्या दिवशी सगळं चाचांच्या बेतानुसार झालं. देव झाला, जेवण झालं. हॉटेलात पडद्याआड मी चहा प्याले, तो पदर नाकापर्यंत ओढून. पडद्यापलीकडे कुणी खाकरलं की मला वाटे मंद्रूपचंच कुणीतरी आहे. माझा चहा पोटात कमी आणि बशीत जास्त गेला. सोडा फोडताना आम्ही दोघंही शहाण्यासारखी दोन पावलं मागे सरलो, तेव्हा दुकानदार इतका हसला की ह्यांनाही हसू आलं आणि सोडा नाकात गेला. ह्यांना असं खळखळून हसताना मी तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग वाटेतल्या एका दुकानात ह्यांनी नव्या पिवळ्या वहाणा घेतल्या आणि जुन्या टांग्यात ठेवल्या.

दिवेलागणीला आम्ही गड्ड्यापाशी उतरलो. चाचांनी मान दुसरीकडे वळवून आमची गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. "शोभेचं दारूकाम सुटायच्या आदी हितं परत या. मी हितनं हलत न्हाय." आम्ही चार पावलं गेलो नाही तोच कुणीतरी ओरडलं, "वरात आली रे!" ह्यांचे कान लाल झाले. टांगा नजरेआड होताच ह्यांनी गाठ सोडली. "उद्या पोरांना काय तोंड दाखवू?" म्हणाले. सगळा दोष ह्यांच्या माथी मारणार नाही. गाठ सुटली तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं.

त्या काळी आम्ही बायका नवऱ्याच्या मागून चालत असू. नजर वर करायची नाही, त्याच्या टाचांवर ठेवायची. गावच्या बाजारात मला ह्यांच्या टाचा हजारांत ओळखू आल्या असत्या. पण आज पायांत नव्या पिवळ्या वहाणा होत्या, आणि मी त्या वहाणांवर नजर ठेवून चालत राहिले. पाळणे गेले, बांगड्यांची दुकानं गेली, तमाशाचा तंबू गेला. मग त्या वहाणा थांबल्या, वळल्या, आणि वर पाहते तो पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा! त्याच दुकानातून त्या दिवशी आणखी किती जणांनी तशाच वहाणा घेतल्या असतील, हे माझ्या डोक्यात कुठून यावं?

जिकडे वळावं तिकडे माणसंच माणसं. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? बांगड्या विकणाऱ्या एका बाईने मला रडताना पाहिलं. "कुनासंगं आलीस गं?"

"मालकांसंगं. मंद्रूपचे मास्तर."

"अगं पर नाव काय त्यांचं? नाव सांगितलंस तर हाळी देऊ की."

मी पदर आणखी पुढे ओढला. ती म्हणाली, "मग उखाना तरी घे बाई!" आजूबाजूच्या बायकांना वाईट वाटत होतं, तरी त्या हसल्या. मी खरोखरच उखाणा आठवू लागले. मला सात उखाणे पाठ होते. त्यांतला एकही तेव्हा आठवला नाही.

एवढ्यात कोट घातलेला एक मनुष्य पुढे आला. बोलणं मऊ, पायांत बूट. "वहिनी, इथे आहात होय? मास्तरांनीच पाठवलंय मला. ते त्या बाजूला शोधतायत." मास्तर हा शब्द त्याने माझ्याच तोंडून ऐकला होता, हे मला फार उशिरा कळलं. मी त्याच्या मागून चालू लागले, खाली मान घालून, त्याच्या बुटांवर नजर ठेवून. दुकानं विरळ झाली, दिवे मागे पडले. तंबूंच्या मागच्या अंगाला आलो तेव्हा काहीतरी चुकतंय हे मला कळलं, पण पाय थांबेनात. मागून चालायचीच सवय त्यांना.

"बेटी! ए बेटी!"

मी वळले. चाचा धावत येत होते. डोक्यावरचा पटका सुटलेला, तोंडाला फेस. आणि त्यांच्यासोबत, मला आधी विश्वासच बसेना, एक हवालदार होता. झालं होतं ते असं: मी दिसेना तेव्हा हे आधी गड्ड्याच्या चौकीत नाव लिहून वर्दी देऊन आले, मग टांग्यापाशी धावत गेले. मी देवळाकडे गेलेच तर म्हणून चाचांनी ह्यांना देवळाच्या पायऱ्यांवर वाट पाहायला पाठवलं, आणि खाकीला पाहून गल्ली बदलणारा तो माणूस आपल्या पायांनी चौकीत गेला. तिथून हवालदाराला जवळजवळ ओढत ते एकेक तंबू पालथा घालत आले होते.

कोटवाला जराही डगमगला नाही. "हवालदारसाहेब, ही माझी भावजय. हा टांगेवाला मघापासून आमच्या मागे लागलाय."

गर्दीतून फरफटत आणल्याचा हवालदाराला राग होताच. त्याने चाचांना विचारलं, "ही कोण लागते तुझी?"

"माजी सवारी हाय सायेब. मंद्रूपच्या मास्तरांची मंडळी."

"मास्तराचं नाव?"

"मास्तर... मास्तरच की सायेब," चाचा म्हणाले. इतकी वर्षं शाळेच्या कट्ट्यावर बसून त्यांनी ह्यांचं नाव कधी विचारलं नव्हतं.

"नाव ठाऊक नाही आणि सवारी म्हणतोस?" हवालदाराची काठी चाचांच्या खांद्यावर बसली.

मग त्याने मला विचारलं, "बाई, तू सांग. वर्दी देणाऱ्याचं नाव माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

"असं काय करता साहेब?" कोटवाला हसून म्हणाला. "घरंदाज बाई नवऱ्याचं नाव घेईल का?" जमलेल्या चार लोकांनीही माना डोलावल्या. मी नाही-नाही म्हणून मान हलवली, पण पदर डोळ्यांपर्यंत होता आणि सगळं अंगच थरथरत होतं. त्यातली मान कुणाला दिसणार? नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आणि त्याच्या आड सासूबाई उभ्या होत्या. मला खरंच वाटत होतं की मी बोलले की तिकडे पायऱ्यांवर ह्यांना काहीतरी होईल.

चाचांवर दुसरी काठी पडली. ते खाली बसले. तिथूनच माझ्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "नाव घे, बेटी. त्यांला काय बी हुनार न्हाय. तू का घेतलंस त्ये अल्लाला ठाव हाय."

"विष्णू," मी म्हणाले. मग मोठ्याने, "विष्णू गोविंद!"

हवालदाराने खिशातला कागद काढून दिव्याकडे धरला. वाचून तो कोटवाल्याकडे वळला, तर तिथे कुणीच नव्हतं.

हे पायऱ्यांवर सापडले, धडधाकट. माझा हात धरून चारचौघांत रडले. उद्या पोरांना काय तोंड दाखवू, हे त्या वेळी ह्यांना सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी आम्हाला घरापर्यंत पोचवलं. सासूबाईंनी अंगणात विचारलं, "काय चाचा, नीट झालं का दर्शन?" मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. चाचा म्हणाले, "लई नीट झालं, आईसायेब. पोरांनी भाईरचं कायसुदीक खाल्लं न्हाय." जन्मभर ताक फुंकून पिणारा तो माणूस एवढं सरळ खोटं बोलला आणि डावा खांदा सावरत टांग्यावर चढला.

त्यानंतर त्यांनी गड्ड्याला सवारी नेली नाही. पुढे मोटारी सुरू झाल्या, बाजाराला येणं थांबलं. चाचा वारल्याची बातमी आम्हाला दोन महिन्यांनी कळली. आम्ही दोघं चाचींना भेटायला गेलो. मी मंद्रूपची म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तूच का गं ती? तुजं नाव लई काढायचे. म्हनायचे, त्या पोरीनं धीर करून हवालदारापुढं चटदिशी नवऱ्याचं नाव घेतलं, म्हनून माज्या अंगाला बोट लागलं न्हाय. न्हाईतर त्या दिवशी मी वाचत नव्हतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली मान घातली. चाचींनी आम्हाला चहा केला आणि मी तो प्याले. दोन काठ्या पडेपर्यंत मी गप्प उभी होते, हे चाचांनी घरी सांगितलं नव्हतं. मलाही चाचींपुढे ते सांगायचा धीर झाला नाही.