गळीत हंगामाचा पेन

बायको वारली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं गारखेड्याच्या घरात मेथी निवडत बसलो होतो. मधेच म्हणाली, "ते पेनाचं सांगा की परत." सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती राहिली नाही. तेच आता लिहून काढतो. ती केस मला जशीच्या तशी याद आहे.

मी तेव्हा शहरात पोलीस जमादार होतो. गंगापूरकडच्या एका बड्या शेतकऱ्यानं फिर्याद दिली, की मयत वडिलांचा पेन शहरातल्या घरातून चोरीला गेला. साखर कारखान्यानं पहिल्या गळीत हंगामाची आठवण म्हणून संचालकांसाठी खास बनवून घेतलेला. काळा, टोपणावर ऊस कोरलेला. संशय घरच्या गड्यावर. खबऱ्या म्हणाला, गडी तसलाच पेन खिशाला लावून शहागंजात हिंडतो. उचलला.

गडी धनगराचा. एकच सांगायचा, की आधीच्या मालकानं दिला, तेही संचालक होते. तो मालकही मेलेला. मला हे त्याच्या फार सोयीचं वाटलं. गड्याला शाळेत शिपायाची नोकरी लागली होती, हजर व्हायचं बाकी होतं. चोरीचा डाग लागला की नोकरी गेली.

घरी बायको म्हणाली, "चोरीचा माल कुणी खिशाला लावून हिंडंल व्हय?" मी म्हणालो, लई हिंडतात. पण डोक्यात बसलं.

कारखान्यात जाऊन चौकशी केली. सगळे पेन एकसारखे, नंबर कशावरच नाही. मग हा कुणाचा, हे ओळखायचं कसं?

फिर्यादीला विचारलं, वडील काय लिहायचे? म्हणाला, "उर्दू. मराठी लिहिताच येत नव्हतं. रोज त्याच पेनानं लिहायचे." जबाबावर सही घेतली. मग पंचांसमोर पेनात शाई भरली. निजामाच्या राज्यात मी चार इयत्ता शिकलो त्या उर्दूतच. मराठी लिहिलं, पेन सुरसुर चालला. उर्दू लिहिलं तर कागद खरवडायला लागला. निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणं झिजते; मराठी डावीकडून उजवीकडं जाते, उर्दू उजवीकडून डावीकडं. हा पेन उर्दू लिहिणाऱ्याचा नव्हता.

फिर्यादीचं तोंड उतरलं. "मग आमचा कुठंय?"

आता मला त्याचाच संशय. त्याच्या घरी जाऊन एकेकाला विचारलं. त्याची आई तोंडाला पदर लावून बसलेली. मी म्हणालो, "आजी, गडी कोठडीत हाय." तिनं पदर बाजूला केला. मग म्हणाली, "दहाव्याला लेकीला दिला मी. ह्याला कळलं असतं तर तिचं माहेर तुटलं असतं."

लेकीकडचा पेन मागवला. उर्दू लिहिलं, मऊ चालला.

फिर्यादी खोटा नव्हता, गडीही नव्हता. आणि मी दोघांनाच दमात घेत बसलो होतो. तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो, की जो बोलत नाही त्याच्याजवळ आधी बसायचो. दम न देता.

गड्याला त्याच संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दी चढवून त्याला शाळेत घेऊन गेलो. आम्हाला बघून हेडमास्तर खुर्चीतून उठलेच. मी म्हणालो, "बसा गुरुजी. ह्याला न्यायला नाय आलो, सोडायला आलोय."