राब पेटवला त्या दिवशीचा वारा

नामाच्या चितेला अग्नी देण्याआधी मी वारा बघितला. लोकांना वाटलं, मास्तर गोंधळलेत, धाकटा भाऊ आहे, हात पुढे होत नाही. तसं नव्हतं. मी खरोखरच वारा कुठला आहे ते बघत होतो — आणि का, हे माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही. आई होती तोवर तिलाही मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. हळहळू मात्र नका. मला ते नको आहे.

आधी माझ्या शाळेबद्दल सांगतो. टाळतोय असं वाटेल — वाटू द्या.

मी वैशाखरे गावचाच, कुणब्याचा मुलगा. सातवीची फायनल पास होऊन गावच्याच शाळेत मास्तर झालो, ते दुसऱ्या महायुद्धाच्या बरंच आधी. पोरं पाढे घोकतात आणि सुट्टीत विसरतात हे मला दिसत होतं. म्हणून मी त्यांना हाताने कामं करायला लावायचो. अंगण मोजा, सावलीवरून ताडाची उंची काढा, बी रुजत घाला. आणि काम झालं की सगळ्यांना आंब्याखाली गोल बसवायचो. तीनच प्रश्न. काय केलं? काय झालं, आणि तसं का झालं? पुढच्या खेपेला वेगळं काय कराल? उत्तर मास्तरने द्यायचं नाही, हा माझा नियम. एकदा अंगणाचं माप प्रत्येक टोळीचं वेगळं आलं. पोरं भांडली, हमरीतुमरीवर आली, आणि शेवटी त्यांनीच शोधून काढलं की एका टोळीची दोरी ओली होती, ती आखडली होती. मी सांगितलं असतं तर ते त्यांच्या लक्षात राहिलं असतं? नाही.

पोरं याला बैठक म्हणत. मुरबाडला मास्तर लोक जमले की मी मोठ्या दिमाखात सांगायचो — जे पोर स्वतःच्या तोंडाने काढतं, ते जन्मभर विसरत नाही. हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. ते खरं निघालं.

त्या वर्षी चैत्रात शाळेमागच्या तुकड्यात पोरांनी भाताच्या रोपासाठी राब घातला. शेण, त्यावर पालापाचोळा, वर गवत, त्यावर माती — घरोघर होतं तसंच. तो भाजायचा, आणि मग बैठक. शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला यायचे होते. त्यांना राब दाखवायचा नव्हता. राब त्यांनी गावोगाव पाहिला होता. मला त्यांना बैठक दाखवायची होती.

राब पहाटे भाजतात, वारा पडलेला असताना. साहेबांची गाडी आली ती उन्हं वर चढल्यावर. खुर्ची आंब्याखाली ठेवली होती, ते बसले, आणि बसल्या बसल्या म्हणाले की जेवायला मुरबाडला पोचायचं आहे. पोरं विहिरीवरून पाण्याच्या कळश्या आणत होती. राबाच्या कोपऱ्यावर आम्ही दोघंच — मी, आणि काडेपेटी हातात घेतलेला चौथीतला नामा. शाळेत तो मला गुरुजी म्हणायचा. आईने तसं बजावलं होतं.

तो म्हणाला, "गुरुजी, वारा फिरलाय. काळूबाबाच्या उडवीकडं जाईल."

कुंपणापलीकडे काळूबाबाची पेंढ्याची उडवी होती. त्याच्या बैलांची पावसाळाभराची वैरण. मला दिसत नव्हती? दिसत होती. वारा कळत नव्हता? त्याच मातीत वाढलो होतो, मला न कळायला काय झालं? मी म्हणालो, "साहेब खोळंबलेत. पेटव."

त्याने काडी ओढली.

उडवी वाचली नाही. पोरांनी कळश्या ओतल्या, गाव धावला, गोठा तेवढा राहिला. काळूबाबा जमिनीवर बसून ओरडत होता, "माझी गुरं काय आता तुझी पुस्तकं खातील रे मास्तर?" आणि साहेब धोतराचा सोगा नाकाला लावून आंब्याखाली उभे होते. जायला निघाले होते.

आता ऐका. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, "साहेब, बैठक तर अजून व्हायचीय."

काजळलेल्या तोंडांची पोरं गोल बसली. काय केलं? राब पेटवला. काय झालं? उडवी जळली. का? वारा तिकडचा होता. इथवर नियमाप्रमाणे. मग मी एक प्रश्न विचारला, जो माझ्या तिनांत कधीच नव्हता — काडी कुणी ओढली?

नामाने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी थांबलो, जसा नेहमी थांबायचो, उत्तर पोराच्या तोंडून येईपर्यंत. मला वाट बघता येते. तो माझा हातखंडा होता.

"मी," तो म्हणाला.

पेटवणाऱ्याने आधी काय करायला हवं होतं? सगळी पोरं एका सुरात म्हणाली, वारा बघायला हवा होता. मग नाम्या, पुढच्या खेपेला काय करशील?

"वारा बघीन," तो म्हणाला, आणि रडला.

साहेब खूश झाले. छडी नाही, शिवी नाही, आणि पोराने आपली चूक आपण ओळखली! माझं नाव तालुक्यात झालं. वडिलांनी आमचा पेंढा काळूबाबाच्या दारात नेऊन टाकला आणि नामाला आगलाव्या हे नाव पडलं. बाजारात कुणी विडी काढली की थट्टा व्हायची, "नाम्याला काडी देऊ नका रे!" तोही हसायचा. पण त्यानंतर त्याने कधी काडी ओढली नाही. चूल नाही, दिवा नाही. राब भाजायच्या दिवशी तो काहीतरी काम काढून डोळखांबला मामाकडे निघून जायचा.

तुम्ही म्हणाल, तेव्हा मी तरुण होतो, साहेबाला भ्यालो. मग हे ऐका. नामाचं लग्न झालं, मुलगी झाली, त्यानंतरची गोष्ट. आम्ही दोघं शहापूरच्या बाजारातून परतत होतो. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी कोपऱ्यावर मी तुला काय म्हणालो होतो, आठवतं?"

"आठवतं ना दादा," तो म्हणाला. "तू बोललास, नाम्या, वारा बघ. मीच नाय बघितला."

मी "हं" म्हणालो. वाट लांब होती. मुक्कामाला पोचेपर्यंत मी दुसरं काहीच म्हणालो नाही. ती आग घाईची होती. हा "हं" घाईचा नव्हता.

गेल्या भादव्यात तो तापाने गेला. मुलगा नाही, म्हणून अग्नी माझ्याकडे आला. दहाव्याला नदीवर त्याच्या वर्गातला गोविंदा सगळ्यांना सांगत होता, "गुर्जींनी हात नाय लावला बघा. नुसतं इचारलं. नाम्या आपसूक बोलला, चुकी माझी. अशी शाळा आता कुठं नाय." लोकांनी माना डोलावल्या. मीही ऐकून घेतलं.

नामाची तुळसा तिथेच उभी होती. ती आता माझ्या वर्गात आहे. घरी येताना तिने विचारलं, "काका, बाबानं खरंच वारा नव्हता बघितला?"

मी तिला कळशी उचलायला सांगितलं.

बैठकीला कुणी दोष दिलेला मी ऐकून घेणार नाही. ती मी आजही घेतो, उद्याही घेईन. ती चोख होती, म्हणून तर माझं खोटं त्या पोराच्या हाडात इतकं खोल गेलं. दोष तिचा नाही, साहेबाचा नाही, वयाचा नाही.

उद्या आंब्याखाली मुलं बसतील. तुळसा बसेल, गोविंदाचा मुलगा बसेल. यंदा पहिल्यांदाच मी माझा नियम मोडणार आहे — प्रश्नही मी विचारणार, उत्तरही मीच देणार. वारा नामाने बघितला होता. पेटव मी म्हणालो.