वेळ न सांगणारा माणूस

निरोप आला तेव्हा रघुनाथभाऊजींचं ताट ओट्यावर झाकलेलं होतं आणि मी त्यांच्या नावानं कुरकुरत होते. शुक्रवारचे दोन वाजून गेले होते. बहरीनला, मनाम्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी मराठी माणसांची खानावळ चालवते. सगळे जेवून गेले, राहिले होते ते माझे धाकटे दीर. कॅम्पचा ड्रायव्हर दारात चप्पल न काढताच उभा राहिला आणि म्हणाला, "माँजी, कॅम्प बॉस खलास." छातीत कळ आली आणि गेले...

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. भाऊजी हट्टी होते. सहा वर्षांत जेवायला कधी येणार ते एकदाही सांगितलं नाही. कधी बाराला, कधी साडेतीनला. मी ओरडायची, "भाऊजी, ही खानावळ आहे, धर्मशाळा नाही." ते म्हणत, "वहिनी, गार खाईन, पण वेळ विचारू नका."

ते फौजेत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर माझ्या मिस्टरांनी कंपनीत बोलून त्यांचा व्हिसा काढला. मजुरांच्या कॅम्पवर खोल्या, पाणी, भांडणं बघायची, म्हणून कॅम्प बॉस. तिथं श्रीलंकेचे तीसेक मजूर, निम्मे तमिळ, निम्मे सिंहली. स्वयंपाकघर एक, शेगड्या चार. तिकडे त्यांच्या देशात लढाई चालू. गावाकडून वाईट फोन आला की इकडे पातेली आपटायला लागायची. गेल्या वर्षी कुमारा नावाच्या सिंहली गवंड्यानं सेल्वम या तमिळ सुताराची उकळती डाळ लवंडून दिली. सेल्वमचा पाय भाजला. मॅनेजरनं हुकूम काढला, टाइमटेबल लावा. पाच ते सहा तमिळ, सहा ते सात सिंहली. भाऊजी नाही म्हणाले. आठ दिवसांत भिंतीवर कागद दिसला नाही तर व्हिसा रद्द, असं मॅनेजरनं बजावलं. गावी त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती.

माझं डोकं फिरलं. "एक कागद लिहायला तुमचे हात झिजतात का?"

"लिहिला होता एकदा," ते म्हणाले आणि हातातला घास ताटात ठेवला.

लंकेत आपली शांतिसेना गेली तेव्हा भाऊजी तिच्यात होते. एका गावात दोन वस्त्या होत्या, एक तमिळ, एक सिंहली, आणि विहीर एकच. रोज बायकांची भांडणं. भाऊजींनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका बाजेवर बसवलं, दोन दिवस चहा पाजला आणि तोड काढली. सकाळी सात ते आठ तमिळ बायका, संध्याकाळी पाच ते सहा सिंहली. विहिरीच्या कठड्यावर खडूनं वेळा स्वतः लिहिल्या. साहेबांनी पाठ थोपटली. पंधरा दिवस एक शिवी ऐकू आली नाही. मग एका सकाळी सव्वासातला झाडीतून गोळ्या आल्या. चार बायका गेल्या. कुणी मारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"आधी सगळ्या मिसळून पाणी भरायच्या, वहिनी. भांडायच्या, पण गोळी घालणाऱ्याला आपलीही बाई मध्ये दिसायची. मी त्या वेगळ्या केल्या. कोण कधी कुठं असणार, ते लिहूनही ठेवलं."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. मी म्हटलं, "इथं कुणाकडे बंदूक नाही. कागद लावा आणि नोकरी सांभाळा." ते हात धुवायला उठले...

कागद लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी पाच वाजता एक स्टूल घेऊन शेगड्यांच्या मधोमध बसायला लागले. दोन तमिळ पातेली, दोन सिंहली, शेजारी शेजारी. "ज्याला ओतायचंय त्यानं माझ्या अंगावर ओता," असं तीनचार भाषांत मोडकंतोडकं सांगायचे. पोरं हसायची, त्यांना जनरलसाहेब म्हणायची. सलोखा वगैरे काही झाला नाही. कुमारा आणि सेल्वम एकमेकांशी शब्द बोलत नव्हते. पण पुन्हा कुणी भाजलं नाही. आठव्या दिवशी मॅनेजर आला, बघून गेला. व्हिसाचं बघू म्हणाला, रिन्यूच्या वेळी.

भाऊजी रोज शेवटचं पातेलं उतरेपर्यंत बसायचे. छातीत दुखतं म्हणायचे, पण कंपनीचा डॉक्टर संध्याकाळीच यायचा. "उद्या जातो," म्हणायचे. मीही फार मागे लागले नाही. हे मला लिहावंच लागेल.

त्यांना विमानानं गावी पाठवल्यावर मी त्यांची ट्रंक आणायला कॅम्पवर गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवा कागद होता. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. पाच ते सहा. सहा ते सात. आत सेल्वम डाळ ढवळत होता, कुमारा बाहेर पायरीवर आपल्या वेळेची वाट बघत बसला होता. शेगड्यांच्या मध्ये स्टूल नव्हतं. ट्रंक जड होती. दोघं पुढे आले, एकानं एक कडी धरली, दुसऱ्यानं दुसरी, आणि एकमेकांकडे न बघता टॅक्सीपर्यंत आणून ठेवली. मग सेल्वम आत गेला, कुमारा पायरीवर बसला. कागद लावा म्हणणारी मीच होते. मी तो फाडला नाही. कुठल्या तोंडानं फाडणार?

माझ्या दारावर जेवणाच्या वेळेची पाटी आहे, साडेबारा ते दोन. ती राहू दिली आहे, तिच्याशिवाय खानावळ चालत नाही. पण दोन वाजले की मी एक ताट वाढून झाकते. कुणी ना कुणी उशिरा येतोच. त्याला मी वेळ विचारत नाही.