शालूबाईंचा कॅमेरा आणि रोवणीच्या बाया

माझ्या आईने मला भर दुकानात चोर म्हटलं होतं.

नागपूरला. दुकानदारासमोर, चार गिऱ्हाइकांसमोर.

आणि खरं सांगतो, तिचं काही चुकलं नव्हतं.

आज आई जाऊन एक वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली. पाहुणे आत्ताच गेलेत, म्हणून लिहायला बसलोय.

लाखनीत तिला सगळे शालूबाई फोटोवाली म्हणायचे. आधी ती एका स्टुडिओत फोटो कापून पाकिटात भरायची. तिथेच बघून बघून शिकली. मालकाने धंदा आवरला, तेव्हा आपली शिलाई मशीन विकून तिने त्याचा जुना रोलवाला कॅमेरा घेतला.

नातेवाईक म्हणाले, बाईमाणूस लग्नात फोटो काढत फिरणार?

फिरली ना! पदर कमरेला खोचून, मांडवात खुर्चीवर चढून, वीस वर्षं फिरली.

त्या कॅमेऱ्याला घरात कोणी हात लावायचा नाही. पावसात आम्ही रस्त्यात अडकलो, की छत्री आधी त्याच्या बॅगेवर. मी भिजलो तरी चालायचं. लहानपणी मला त्याचा चक्क राग यायचा.

लग्नाच्या ऑर्डरनंतर रोलमध्ये काही फोटो उरायचे. ते ती रोवणीसाठी ठेवायची. रोवणी म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. ही बाई चपला हातात घेऊन बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात, उतरायची आणि चिखलात उभ्या बायांचे फोटो काढायची. एकेकीचा, एकटीचा.

"लगनाच्या फोटोत ह्या मांगच्या लाइनीत असतात, अर्ध्या कापलेल्या. ह्यायचा एक तरी पुरा फोटो पायजे का नाई?"

प्रिंट फुकट.

मी चोवीसचा होतो. डिजिटल शिकून आलेलो, म्हणजे जगातला सगळ्यात शहाणा माणूस. आईला surprise द्यायचं म्हणून तिला न सांगता तिचा कॅमेरा नागपूरला नेला आणि exchange मध्ये देऊन नवा कोरा डिजिटल घेऊन आलो.

तिने बॉक्सकडे पाहिलंच नाही.

"माहा कुठं हाय?"

"दिला ना exchange मध्ये. आता कोण वापरतं तो?"

"त्यात रोल होता."

किती फोटो काढले ते दाखवणारी कॅमेऱ्यावरची काच मी पाहिलीच नव्हती. डिजिटलवाला ना मी.

"ऑर्डरचा होता का?" मी विचारलं.

"ऑर्डरच होती. नऊ बायांची. त्याईले मी जबान देली हाय."

दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, की उजेड लागून सगळे फोटो जाणार. दुकान बंद झालेलं, फोन कोणी उचलेना. आई त्या दिवशी जेवली नाही.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही निघालो. ती खिडकीशी, मी शेजारी. भंडारा गेलं, मौदा गेलं, ती बाहेरच बघत होती.

दुकानदाराने विचारलं, "आपका बेटा लाया था क्या?"

"लाया नाई. चोरून आनला. चोर हाय हा."

आतल्या कपाटात त्याच मॉडेलचे सात कॅमेरे होते. "सब एक जैसे हैं बाई, कैसे पहचानोगे?"

आईने एकेक उचलून पाहिला. एक, दोन, तीन, चार. पाचवा हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

"हा."

काचेत आकडा तेवीस, तिने सोडला होता तिथेच. तिने रोल गुंडाळायची खुंटी हलकेच फिरवली. खुंटी अडली. म्हणजे रोल आत होता; आणि झाकण उघडलं की आकडा शून्यावर येतो, तो आला नव्हता.

दुकानदाराने उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. मला नाही दिली.

डिजिटल तिथेच परत केला. येताना बसमध्ये ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"तुह्या बाबाले मी आवडो. पन लोकाईसाठी मी त्यायची बायको, नाई त तुही माय. या कॅमेऱ्यानं मले शालूबाई केलं बापू. त्याले असा कोनाले देऊन टाकशीन?"

मी भर बसमध्ये रडलो. लाज नाही वाटली.

चार दिवसांनी प्रिंट घेऊन आम्ही बांधीवर गेलो. एका मावशीने हात लुगड्याला पुसले, फोटो धरला, बराच वेळ पाहिला.

"मी अशी दिसतो का वो, शालूबाई?"

"अशीच दिसतं."

मावशी हसली आणि पुन्हा पाहत राहिली.

पुढे डिजिटल घेतलाच. आईनेच घ्यायला लावला आणि माझ्याआधी ती तो शिकलीसुद्धा! पण रोवणीला जाताना गळ्यात जुनाच.

मागच्या वर्षी ऐन रोवणीत ती गेली. रोवणीच्या त्या सगळ्या मावशा काम टाकून, चिखलाच्या पायांनी तशाच आल्या. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा पुरुष पुढे सरकले.

"तुमी राहू द्या," तीच फोटो पाहत राहिलेली मावशी म्हणाली. "बाईले आमी नेतो."

आणि त्यांनी खांदा दिला. आमच्या गल्लीने असं कधी पाहिलं नव्हतं.

मी पुढे फुलांची परडी घेऊन उभा. मावशीने मला हाक मारली.

"काहून उभा हाय गा? कॅमेरा आन. तुही माय राह्यली असती त हा फोटो सोडला असता का?"

मी परडी चुलत भावाच्या हातात दिली. घरात गेलो, तिचा कॅमेरा गळ्यात घातला आणि फोटो काढला. जरा हललाय.

तोच खाली लावलाय. त्यात एकही बाई मागच्या लाइनीत नाही. सगळ्या पुऱ्या दिसतात.

आई, तुझा फार अभिमान वाटतो. जयभीम.