जावयाला चावलेला कुत्रा

कामाच्या कुत्र्यांसाठी संस्था काढते म्हटल्यावर प्रताप नगरात लोकांनी मला वेड्यात काढलं. माझ्याकडे ना जागा होती, ना पिंजरे. पहाऱ्यासाठी शिकवलेल्या जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा कुत्र्यांचं काम संपलं की मालक त्यांना हायवेवर सोडून मोकळे होतात. असा कुत्रा उचलायचा आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवायचा, खाणं-औषध माझं, एवढीच ती संस्था. फोन करणारे निम्मे लोक फुकटात राखणदार मिळेल या आशेने करायचे. त्यांना मी सांगायचे, गेटला कुलूप लावा, ते खात नाही.

पहिला कुत्रा मिहानच्या औद्योगिक वसाहतीतून आला. एका गोदामावरचा मॅलिनॉय, शेफर्डसारखीच पहाऱ्याची जात. कंत्राट संपलं, माणसं दुसरीकडे लागली, हा साखळीलाच राहिला. तिथल्या रखवालदाराने मला त्याचं शिक्षण समजावलं. माणूस हाताला पोतं गुंडाळून समोर येतो, कुत्र्याने तोच हात धरायचा, आणि ‘छोड’ म्हटलं की लगेच सोडायचा. बरोबर जमलं की कौतुक व्हायचं. कुत्र्याच्या लेखी तो खेळही होता आणि नोकरीही.

त्याला आमच्याच गल्लीतल्या काकूंनी ठेवून घेतलं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमरावतीला. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, हाताला कापड गुंडाळून त्याच्यासमोर कोणी जायचं नाही. काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की फडक्याने गरम भांडं उतरवायचं असलं तरी त्या आधी त्याला मागच्या खोलीत पाठवायच्या. काका दिवसभर टीव्हीसमोर, काकूंना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नव्हतं. “बोलाले कोणीतरी झालं वं मले,” त्या म्हणायच्या. थोड्याच दिवसांत तो माझ्या हाकेला ओ देईनासा झाला. मला काकूंचा हेवा वाटायचा.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. एरवी दहावा ग्रह म्हणून ज्याला शिव्या घालायच्या, त्यालाच पाटावर बसवून अनारशांचं वाण द्यायचं. कुत्रा मागच्या खोलीत बंद होता. पण जेवताना काकांनी त्याच्या शिक्षणाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या आणि विष्णूला हौस आली. वाणातला नवा कोरा टॉवेल हाताला गुंडाळून त्याने खोलीचं दार उघडलं. काकू “नका, नका” करत येईपर्यंत त्याने हात नाचवला होता. कुत्र्याने धरला. काकूंनी ‘छोड’ म्हटलं, त्याने तत्क्षणी सोडला आणि शेपूट हलवत त्यांच्याकडे पाहत उभा राहिला.

टाके पडले. त्या टाक्यांचं मला तेव्हा काडीचंही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. दवाखान्यातून आल्यावर जावई बूट न काढता दारातच उभा राहिला. “कुत्रा जगवा नाहीतं पोरीचा संसार जगवा. आजच ठरवा.” मुलगी त्याच्यामागे मान खाली घालून उभी. काकांनी ओळखीच्या ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं आणि काकूंनी चोरून मला.

मी पोचले तेव्हा डॉक्टर पडवीत सुई भरत होता. मी म्हटलं, कुत्रा माझा आहे, आत्ता घेऊन जाते, तो पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.

“त्याले तो मेलेलाच पायजे,” काका म्हणाले. “जावयापुढे आमचं काय चालते?”

मी सरळ मागच्या खोलीत गेले, पट्टा घातला आणि ओढला. कुत्रा हलला नाही. सगळं बळ लावलं तरी तो काकूंकडेच बघत राहिला. बाहेरचं दार सताड उघडं होतं, माझी गाडी फाटकाशी होती.

“काकू, त्याले फक्त ‘चल’ म्हणा,” मी म्हटलं. “बाकी मी पाहून घेते.”

काकूंनी कुत्र्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मुलीने मान वर केली नाही.

“बैठ,” काकू म्हणाल्या.

तो बसला. डॉक्टर त्याला हात लावायला घाबरत होता, म्हणून काकूच दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या आणि सुई टोचून होईपर्यंत त्याचं तोंड मांडीत धरून राहिल्या. संध्याकाळी जावई बायकोला घेऊन अमरावतीला गेला.

दिवाळीच्या आधीच मुलगी सामानासकट माहेरी परत आली. जावयाला दुसरं कारण सापडलं होतं. मला कळलं तशी मी गेले. काकूंनी चहा टाकला, तो उतू गेला तेव्हा ओटा पुसत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “म्हणजे तो उगीचच गेला ना वं?”

मी हो म्हटलं.