माझ्यासमोर बंद पाड

"माझ्यासमोर बंद पाड," अक्का म्हणायच्या आणि स्टूल ओढून ऑपरेटरच्या शेजारी बसायच्या. दुकानाचा मालक गडबडायचा. मशीन दुरुस्त करायला आलेली बाई ते बिघडवायला सांगते म्हणजे काय!

विद्यानगरातली आमची कंपनी दुकानांना बिलं करण्याचा प्रोग्राम विकायची. तो अडला की आम्ही फोनवरच सांगायचो, बंद करून चालू करा. दुकानोदुकानी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या आमच्या अक्कांना हे वाक्य शिवीसारखं लागायचं. "चक्कर आलेल्या माणसाला पाणी मारून उठवता. चक्कर कशानं आली ते कोण विचारणार रे?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कारण सापडेपर्यंत त्यांना चहा दिसत नाही. अक्का साय बोटानं बाजूला करून तो गारच पीत.

देशपांडे नगरातल्या एका घाऊक औषध दुकानात प्रोग्राम रोज दुपारी बंद पडायचा. 'मेमरी अपुरी' असं पडद्यावर यायचं आणि अर्धं झालेलं बिल नाहीसं व्हायचं. सकाळी मालकांचा भाचा बसायचा, दुपारी अळणावरहून रेल्वेनं येणारी एक मुलगी.

"हिचा हातच वाईट बघा, अक्का," मालक तिच्यादेखत म्हणाले. "भाच्याच्या हातात कधी पडतं काय?"

"हाताचं ज्योतिष्याला विचारा. मी मशीन बघायला आलेय."

अक्का सकाळपासून बसल्या. भाच्यानं पहिलं बिल केलं, भवानीचं, आणि पडद्यावर तसंच उघडं ठेवलं. इथल्या जुन्या दुकानांची रीतच ती. पूर्वी भवानीची पावती देवाच्या फोटोपुढं असायची. आता ते बिल दिवेलागणीपर्यंत मिटायचं नाही. बाकीची बिलं त्याच्यावर उघडायची आणि मिटायची. अक्का मेमरीचा आकडा बघत होत्या. तो नुसता चढत होता. खालचं बिल उघडं असेपर्यंत आमचा प्रोग्राम वरच्या एकाही बिलाची जागा सोडत नव्हता. दुपारी जागा संपायची. तेव्हा खुर्चीत ती मुलगी असायची, एवढाच तिचा गुन्हा.

"पडलं!" अक्कांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गं!" मुलगी घाबरून हसली.

मालक बाहेर गेले होते. आधी दुरुस्ती, मग सांगू, म्हणून अक्का ऑफिसात परतल्या आणि आमच्या साहेबांना चूक दाखवली. चूक मान्य केली तर गावभर प्रत्येक दुकानात जाऊन प्रोग्राम बदलावा लागणार होता. साहेबांनी अक्कांसमोरच मालकांना फोन लावला. "ऑपरेटरची चूक आहे हो. प्रोग्राम उत्तम आहे."

मुलीला काढलं. यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारायला आता आवाजही चढवावा लागत नाही. एक फोन पुरतो.

रविवारी अक्का मला घेऊन अळणावरला गेल्या. मुलीचे वडील लाकडाच्या वखारीत हमाली करत. अंगणात बसले होते.

"मशीन मोडलं म्हणून काढलं म्हणे," ते म्हणाले. "आता घरातच बस म्हटलं तिला."

"मोडलं आमच्या कंपनीनं, अप्पा. तुमच्या पोरीनं नव्हे."

"मग परत घेतील?"

अक्कांनी समोरचा पाण्याचा तांब्या उचलला.

मुलगी दारात उभी होती. "आता कोण बसतंय तिथं?"

"दुसरी एक मुलगी."

"तिला सांगितलंय काय, मशीन कशानं पडतं ते?"

अक्कांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेल्या आणि नव्या मुलीसमोर मालकांना सगळं सांगितलं.

"तुमचे साहेब तर वेगळंच म्हणाले."

"साहेब खोटं बोलले."

दुपारी साहेबांनी अक्कांना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या पिशवी घेऊन सरळ जिना उतरल्या. दुकानात नवी मुलगी टिकली. जुनीला कुणी बोलावलं नाही. अक्कांना या गावात पुन्हा कुठल्या कंपनीनं घेतलं नाही. आता त्या कुठं आहेत, मला माहीत नाही.

प्रोग्राम तसाच आहे. परवा दुसऱ्याच एका दुकानातून फोन आला. बाईचा आवाज, दबलेला.

"दुपारी बंद पडतंय. त्या अक्का येतील काय?"

"त्या आता इथं नसतात."

मागं कुणीतरी मोठ्यानं रागावत होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "हे बघा, चूक तुमची नाही. प्रोग्रामचीच आहे."

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "इथं येऊन यांना सांगा की."