पासिंगचे टायर

गाडी पासिंगला न्यायची तारीख जवळ आली की आमच्या घरात सगळ्यांत आधी राग मला यायचा. गाडी चालवायचा दादा, गाडीखाली आडवा व्हायचा दादा, घाटात जीव टांगणीला लागायचा तोही दादाचाच. पण रागाचं खातं माझ्याकडे होतं. कामाची वाटणीच तशी झाली होती. दादा चौथीतून मिठागरावर गेला आणि मी मॅट्रिकला बसलो. बसलो, एवढंच सांगतो. पुढचं विचारायचं नाही. पण बसलेला माणूस म्हणून गाडीचे कागद, अर्ज, सह्या आणि गाडी तपासणाऱ्या साहेबांशी शुद्ध बोलणं हे सगळं माझ्याकडे आलं.

गाडी म्हणजे मिलिटरीची जुनी लॉरी. लढाई संपल्यावर सरकारने लिलावात काढलेल्या लॉऱ्यांपैकी पाच पनवेलला आल्या, त्यातली एक आमची. वडिलांनी बैलगाड्या विकून ती घेतली आणि दोन वर्षांत ते गेले. पुढे दादाने ती चालवली. भातगिरण्यांचा तांदूळ भरायचा, घाट चढून पुण्याला उतरवायचा. दिवाळीनंतर नवं भात गिरणीवर यायला लागलं की तीन-चार महिने गाडीला उसंत नसे आणि त्या तीन-चार महिन्यांवर आमचं बाकीचं वर्ष निघे. पासिंगची तारीखही नेमकी तेव्हाच.

आता पासिंगचे टायर ही काय चीज होती ते सांगायला हवं. पाचही लॉऱ्या एकाच लिलावातल्या, एका आईच्या लेकी. एकीची चोळी दुसरीला बरोबर बसायची. तेव्हा पाच मालकांनी मिळून पुढच्या चाकांना दोन कोरे टायर घेऊन ठेवले होते. ते राहायचे मिस्त्रीचाचांच्या शेडमध्ये, आढ्याला दोरीने टांगलेले, वरून गोणपाट. पासिंगच्या दिवशी ज्याची गाडी असेल त्याने ते चढवायचे, साहेबांना दाखवायचे आणि उतरवून परत टांगायचे. फार नवे दिसू नयेत म्हणून चाचा त्यांना आदल्या दिवशी ओल्या मातीचा हात फिरवायचे. त्या टायरांनी घाट कधी पाहिलाच नव्हता. शेड ते तळ्याकाठचं मैदान एवढाच त्यांचा प्रवास. मला ह्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट अशी शहाणी व्यवस्था आपल्या गावात आहे म्हणून मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे.

त्या वर्षी भाद्रपदात घाट उतरताना आमच्या गाडीचा पुढचा डावा टायर फुटला. गाडी डोंगराच्या बाजूला ओढली गेली आणि कड्याला घासून उभी राहिली. दादा कपाळावर चिंधी बांधून घरी आला आणि जेवताना हसत हसत सांगू लागला, की उजवा फुटला असता तर दरीच्या बाजूला गेलो असतो, मग आज तुम्ही सगळे माझ्या नावाने जेवला असता. आम्ही हसलो. वहिनी भाकरी थापत होती. परातीत थापलेली भाकरी तशीच राहिली आणि तव्यावरची करपली.

वहिनी आपटा गावाकडची. पाताळगंगेच्या काठची, बोलायला कमी. दादाशी ह्या विषयावर ती काही बोलल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

"भावजी, म्होरचे दोन टायर नवे घ्या. बाकी कायपण नको."

मी म्हटलं, घेऊ. पासिंग होऊन जाऊ दे, मग घेऊ. माझं गणित असं, की पासिंग झालं तर गाडी चालणार, गाडी चालली तर टायर येणार. फुटलेल्याच्या जागी मी स्टेपनी चढवली होती. ती इतकी गुळगुळीत होती की तिच्यात तोंड पाहून दाढी करता आली असती. हाताशी जे काही होतं त्यातून मी गाडीला रंग दिला. माझा ठाम सिद्धान्त होता की साहेब म्हणजे शेवटी माणूस, आणि माणूस आधी रंग बघतो. मी स्वतः ब्रश घेऊन बसलो. निळी बॉडी, पिवळी किनार, दर्शनी फळीवर दोन पोपट. पोपट बदकांसारखे झाले. वहिनी रोज पाणी भरून येताना त्या बदकांकडे बघायची, मग चाकांकडे, आणि आत जायची. एकदा मीच चिडून म्हणालो, की रंगाशिवाय गाडी पास होत नाही, तुम्हाला त्यातलं काय कळतं. ती "नाय कलत" म्हणाली आणि घागर उतरवली.

पासिंगच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चाचांच्या शेडमधून टायर आणून चढवले. मैदानात आमच्यामागे आणखी दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे मालक आमच्याच पुढच्या चाकांकडे नजर लावून होते, कारण आमचं झालं की टायर त्यांना. साहेब सायकलवरून आले. उन्हाचा काळा चष्मा, खाकी पँट, हातात पॅड. मी पुढे होऊन माझ्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत स्वागत केलं. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पुस्तक?"

गाडीचं नोंदणीचं पुस्तक घरी होतं. आठ दिवस मी रंग दिला, मॅट्रिकला बसल्यासारखे अर्ज तीनदा लिहिले, धुतलेला सदरा घातला. आणि मला दिलेलं एकमेव काम, कागद, ते घरी देवाच्या कोनाड्यात राहिलं. पूजा करावी म्हणून मीच ठेवलं होतं. दादा माझ्याकडे बघून काही बोलला नाही, आणि मला त्याचाच फार राग आला. चार शब्द बोलला असता तर मीही बोललो असतो. मी बाजाराकडे निघालेल्या एका टांगेवाल्याबरोबर घरी निरोप धाडला, आणि तोवर साहेबांनी दिवे, हॉर्न, ब्रेक बघायला सुरुवात केली. सगळं ठीक होतं. दादाच्या हाताखालची गाडी. टायर सोडले तर तिच्यात खोट निघायची नाही. तळ्याच्या बांधाच्या चढावर हँडब्रेक लावून उभी केली तर जागची हलली नाही. साहेबांनी पॅडवर खुणा केल्या. फक्त पुस्तकाचा नंबर आणि सही राहिली.

तेवढ्यात वहिनी आली. पुस्तक पदरात बांधलेलं, चालून चालून दम लागलेला. ती गाडीपाशी थांबली आणि तिला चाकं दिसली. वरून मातीचा हात, पण काळी, खोल नक्षीची, कोरी चाकं. मी तिच्या लग्नानंतर सात वर्षं तिला बघत होतो. असा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. तिने वाकून टायरवर हात ठेवला, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"भावजी, तुमी आनलंत?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. अख्ख्या जन्मात नाही म्हणण्यासारखी ती एकच जागा होती. मी मान हलवली. हो.

ती नुसतं "बरं झालं" असं ओठांत म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. आणि आमच्या मागच्या गाडीचा मालक, ज्याला धीर नावाची वस्तू देवाने दिलीच नव्हती, तो पुढे येऊन दादाला म्हणाला, "आटपा की लवकर. टायर उतरवून आमाला चढवायला टाइम नको का?"

वहिनीचे हात गाठीवर थांबले. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी बदकांकडे बघत होतो. मग तिने गाठ सोडली, पुस्तक घेण्यासाठी पुढे आलेल्या माझ्या हाताला वळसा घातला, सरळ साहेबांकडे गेली आणि त्यांच्या हातात पुस्तक देऊन म्हणाली,

"सायब, ही चाकं आमची नाय. उद्या घाटात आमचा मानूस जाईल तो दुसऱ्या चाकांवर जाईल."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिच्यात वहिनी जावी. मी नव्हे, वहिनी. एवढा राग मला आला होता. घरची बाई, चार माणसांसमोर, साहेबांसमोर, गिरण्यांच्या हंगामाच्या तोंडावर आपल्याच गाडीवर नांगर फिरवते. मी पुढे होऊन काहीतरी म्हणायला लागलो, की साहेब, त्या बायकामाणसाला त्यातलं कळत नाही.

साहेबांनी काळा चष्मा काढला. रागावले नव्हते. म्हणाले, "अहो, ह्या टायरांची नि माझी जुनी ओळख आहे. उजव्याच्या कडेला एक चीर आहे बघा. दर खेपेला बघतो."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे साहेबांना ठाऊकच होतं, म्हणजे कुणाचंच काही बिघडलं नाही! पण वहिनी तिथून हलली नाही. माझ्या दुप्पट वयाच्या माणसांनी ज्यांच्यापुढे टोप्या काढल्या त्या साहेबांच्या तोंडावर ती म्हणाली,

"म्हाईत होतं तरी सई करनार होता?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. उत्तर दिलं ते दादाने. तो केबिनमधून उतरला, जॅक काढला आणि सगळ्यांसमोर गाडी उचलून ते टायर उतरवायला बसला. एक नट, दुसरा नट. मागचे मालक आरडाओरडा करायला लागले, की तुझ्यापायी आमच्याही गाड्या अडकणार. त्याने मान वर केली नाही. साहेबांनी पॅडवरच्या आधीच्या खुणांवर काट मारली, पुस्तक मला दिलं, "पुढच्या महिन्यात आणा" म्हणाले, आणि त्यांनी मागच्या दोन गाड्यांची चाकं वाकून बघायला सुरुवात केली. त्या दिवशी पनवेलात एकही लॉरी पास झाली नाही.

पुढचा महिना म्हणजे माझ्या रागाचा सुवर्णकाळ. लॉरी अंगणात उभी. गिरण्यांवर पोत्यांच्या थप्प्या आणि आमचं भाडं दुसरे नेणार, कारण त्यांच्या गाड्यांच्या तारखा अजून पुढे होत्या. बाजारातून जाताना लोक मला विचारायचे, "काय, वहिनींनी सोडलं का घराबाहेर?" मिस्त्रीचाचा तेवढे वेगळे बोलले. टायर परत टांगताना म्हणाले, "बेटा, मैं तो रबर लटकाता था. तेरी भाभीने इन्सान देखा." मला त्यांचाही राग आला. टांगायचे होते तेव्हा टांगले आणि आता इन्सान सुचला.

घरी मी वहिनीशी बोलत नव्हतो. माझं जेवण वाढलं की मी ताटाशी बोलायचो: मीठ कमी आहे, भात गार आहे. ती निमूट मीठ आणून ठेवायची. एकदा न राहवून मी दादाला म्हणालो, की तू काहीच कसं बोलला नाहीस तिला. दादा अंगणात गाडीच्या फळीवर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "काय बोलू? घाटात त्या वळणावर मी दर टायमाला डोळे मिटतो. तिला सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं रे?"

चालत्या गाडीत डोळे मिटणारा माणूस, तोही माझा भाऊ, आणि मी गाडीवर पोपट काढत होतो. त्या दिवशी राग पहिल्यांदा योग्य घरी पोचला; पण मी त्याला तिथे फार वेळ बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी सायकल विकली, वर थोडे उसने काढले आणि मुंबईला जाऊन पुढचे दोन टायर आणले. परत येताना ठाण्यापर्यंत एसटीच्या कंडक्टरशी टायरांच्या तिकिटावरून भांडलो. जोरात भांडलो, महिनाभराचं साठलं होतं.

महिना भरला आणि गाडी पुन्हा मैदानात. मी पुस्तक पोटाशी बांधून नेलं होतं. टायर तेल लावून चकचकीत केले होते, पावती खिशात होती, आणि साहेबांना काय सांगायचं ते पाठ केलं होतं. साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, पुस्तकाचा नंबर लिहिला आणि सही केली. टायरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीच म्हणालो, साहेब, चाकं बघता ना? ते म्हणाले, "तुमच्याकडे बघणारं माणूस आहे. मी कशाला बघू?" त्यांना मी चांगलं सुनावणार होतो. पण सही ओली होती.

गाडी अंगणात आली तशी वहिनी बाहेर आली. कागद तिला वाचता येत नव्हता. तो मी दाखवला तरी तिने घेतला नाही. ती गाडीभोवती फिरली. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागची चारही. प्रत्येकावर तळहात दाबत, आंबे चाचपावेत तशी. दादा चाकाशी उभा राहून ओठ दाबून हसत होता. मी वाट बघत होतो. महिन्याभराने ती माझ्याशी बोलेल, काहीतरी गोड बोलेल, आणि मी मोठ्या मनाने क्षमा करीन, असं सगळं तयार होतं.

फेरी पुरी करून ती माझ्यासमोर आली.

"भावजी, आनि स्टेपनी?"

स्टेपनी तीच होती, दाढी करण्यालायक. मी रागाने तरातरा आत जाऊन मुंबईला जायची पिशवी घेतली. दादाने पोती भरायला गिरणीवर निरोप पाठवला होता. तो त्याने मागे घेतला. गाडी आणखी दोन दिवस अंगणातच राहिली.